सेकंडहँड कॅमेरा घेताय? आधी लेन्स ठरवा, मग बॉडी

सेकंडहँड डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा, आत आरसा असलेला कॅमेरा घ्यायचा असेल तर सध्या दिवस चांगलेत. २०१८ मध्ये कॅननने ईओएस आर आणि निकॉनने झेड६, झेड७ काढले आणि तिथून हळूहळू दोघांचंही लक्ष मिररलेसकडे, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे गेलं, मग लग्नाचे फोटोग्राफर, पक्ष्यांचे फोटो काढणारे, यूट्यूबवाले असे सगळे एकामागून एक तिकडे वळले आणि आपापले जुने सेट विकायला काढले. त्यामुळे बाजारात माल भरपूर आहे, भाव खाली आलेत, आणि पाच-सात वर्षांपूर्वी जी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, आपल्या आवाक्याबाहेर होती ती आता शिकणाऱ्या माणसालाही परवडते. फक्त घाई करू नका आणि नुसती बॉडी बघून भुलू नका.

विचारायला येणारे सगळे एकच विचारतात, कॅननची ८०डी घेऊ का निकॉनची डी७२००, लेन्सचं नावच कोणी काढत नाही. माझं म्हणणं बरोबर उलटं आहे. बॉडी जुनी होतेच, तिचा शटर झिजतो, नवीन मॉडेल आलं की भाव पडतो. नीट ठेवलेली लेन्स मात्र वीस वर्षंसुद्धा काम देते, एका बॉडीवरून काढून दुसरीवर लावता येते आणि विकायला काढली तरी बरे पैसे परत मिळतात. म्हणून आधी ठरवा की फोटो कशाचे काढायचेत, त्यावरून लेन्स ठरवा, आणि ती लेन्स जिच्यावर नीट चालेल ती बॉडी शेवटी शोधा.

पैशाचं गणित पण आधीच मांडून ठेवा. समजा हातात ४० हजार आहेत, तर बॉडीवर निम्म्याच्या वर जाऊ नका, १२-१५ हजार लेन्सला आणि उरलेले बॅटरी, कार्ड, ट्रायपॉड, धूळ उडवायचा ब्लोअर आणि लेन्स ओलीपासून जपणाऱ्या कोरड्या डब्यासाठी बाजूला काढा. हे शेवटचे पैसे लोक हमखास विसरतात, सगळं बॉडीत घालतात आणि मग एका दमलेल्या बॅटरीवर आणि कुठून तरी आणलेल्या कार्डवर लग्न शूट करायला जातात.

आता लेन्स कुठली. घरातले, मुलांचे, माणसांचे फोटो काढायचे असतील तर सगळे डोळे झाकून ५० एमएम एफ १.८ घ्या म्हणून सांगतात (एमएमचा आकडा मोठा तितकं चित्र जवळ येतं, एफचा आकडा लहान तितकी लेन्स जास्त उजेड घेते), लेन्स चांगलीच आहे, पण क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे जुन्या रिळाच्या फ्रेमपेक्षा लहान सेन्सर असलेल्या बॉडीवर ती कॅननला ८० आणि निकॉनला ७५ एमएमसारखी वागते, म्हणजे वन बीएचकेच्या हॉलमध्ये चार माणसं फ्रेममध्ये घ्यायची तर पाठ भिंतीला टेकते. घरात वापरायची असेल तर निकॉनवाल्यांनी ३५ एमएम एफ १.८ डीएक्स बघावी, कॅननवाल्यांनी २४ एमएम एफ २.८ एसटीएम, ती चपटी पॅनकेक. दोन्ही लहान, हलक्या, आणि सेकंडहँडमध्ये सहज मिळतात. छोटे कार्यक्रम, बारसं, साखरपुडा असली कामं करायची असतील तर टॅमरॉनची १७-५० एफ २.८ शोधा, तिच्यात स्टॅबिलायझर (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय) नसलेली जुनी आवृत्ती मला जास्त शार्प वाटते, फोकस करताना आवाज करते पण फोटो चोख देते. सिग्माची १७-५० एफ २.८ पण तितकीच कामाची. पक्ष्यांसाठी, भिगवणला फ्लेमिंगो बघायला वगैरे जाणार असाल, तर सुरुवातीला कॅननची ५५-२५० एसटीएम किंवा निकॉनची ७०-३०० व्हीआर पुरे, निकॉनची २००-५०० ही पुढची पायरी, ती खरंच वजनदार आहे, आधी एकदा कोणाची तरी हातात धरून बघा.

इथे निकॉनची एक मोठी गोम आहे आणि ती माहीत नसल्यामुळे लोकांचे पैसे जातात. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉड्यांमध्ये, म्हणजे डी३३००, डी५३००, डी५६०० वगैरे, फोकसची मोटर बॉडीत नाहीये. लेन्सच्या नावात एएफ-एस असेल तर मोटर लेन्समध्ये असते, काही प्रश्न नाही, पण जुनी एएफ ५० एमएम १.८डी स्वस्त मिळाली म्हणून घेतलीत तर या बॉड्यांवर ऑटोफोकस चालणारच नाही, हाताने रिंग फिरवत बसावं लागेल. तीच लेन्स डी९०, डी७१००, डी७२००, डी७५० वर व्यवस्थित फोकस करते. टॅमरॉन १७-५० च्या आणि टोकिना ११-१६ च्या पहिल्या निकॉन आवृत्तीतही मोटर नव्हती, नंतरच्यांत आली, त्यामुळे विकणाऱ्याला नेमकी आवृत्ती विचारा आणि स्वतःच्या बॉडीवर लावून बघा. आणि याच्या उलटही आहे, नवीन एएफ-पी लेन्स डी९० किंवा डी७००० वर लावली तर ऑटोफोकस सोडाच, हातानेसुद्धा फोकस होत नाही.

कॅननला हा मोटरचा त्रास नाही, ईएफ लेन्स १९८७ पासूनची असो, कुठल्याही ईओएस डीएसएलआरवर ऑटोफोकस होते. तिथे लक्ष ठेवायचं ते ईएफ आणि ईएफ-एस मधल्या फरकावर. ईएफ-एस फक्त क्रॉप बॉडीवर बसते, ६डी किंवा ५डी वर बसतच नाही. पुढेमागे फुल फ्रेमवर, म्हणजे रिळाच्या फ्रेमएवढ्या सेन्सरच्या बॉडीवर जायचं डोक्यात असेल तर ईएफ घेतलेली बरी, शिवाय कॅननच्या ॲडॉप्टरने ती नवीन आर मालिकेच्या मिररलेसवर छान चालते. निकॉनचा एफटीझेड ॲडॉप्टर एएफ-एस लेन्सवर नीट चालतो पण त्यात मोटर नाही, म्हणजे वर सांगितलेली मोटर नसलेली जुनी डी लेन्स तिथे पुन्हा मॅन्युअलच.

बॉडी मग सोपी होते. शिकायला आणि थोडाफार व्हिडिओ करायला कॅनन ७०डी किंवा ८०डी, ड्युअल पिक्सल फोकस, म्हणजे सेन्सरवरूनच झटपट होणारा ऑटोफोकस, ७०डी पासूनच सुरू झाला, २०१३ मध्ये, त्यामुळे स्क्रीनवर बघून व्हिडिओ घेताना ७०डी अजूनही चांगली चालते. निकॉनमध्ये डी७१०० किंवा डी७२००, दोन कार्डांचे स्लॉट, बॉडीत मोटर, बॅटरी दमदार. फुल फ्रेम हवा असेल तर ६डी, डी७५०, ५डी मार्क थ्री. यातल्या डी७५० च्या काही तुकड्या निकॉनने शटरसाठी परत बोलावल्या होत्या, त्यामुळे सीरियल नंबर त्यात येतो का आणि काम झालंय का ते विचारून घ्या. डी६०० च्या सेन्सरवर तेलाचे, धुळीचे ठिपके पडायचे म्हणून तीही निकॉनने फुकट दुरुस्त करून दिली होती, डी६०० आणि डी६१० यातली निवड असेल तर सरळ डी६१० घ्या. लहान हलकं काही हवं असेल तर सोनी ए६०००, तिच्यावर साध्या ॲडॉप्टरने रीळवाल्या काळातल्या हेलिओस-पेंटॅकॉनसारख्या, हाताने फोकस करायच्या मॅन्युअल लेन्सही बसतात.

घ्यायचं कुठून, तर मुंबईत असाल तर सीएसएमटी स्टेशनजवळची फोर्टातली बोरा बाजार गल्ली, कॅमेऱ्याची दुकानं एकाला लागून एक आहेत, चार ठिकाणी भाव विचारून फिरता येतं आणि दुकानदार बिल देतो. बाकी ओएलएक्स आणि फेसबुक मार्केटप्लेस आहेच. तिथे भाव दुकानापेक्षा कमी असतो पण जबाबदारी सगळी आपली. जाहिरातीत माणूस म्हणत असेल की मी आर्मीत आहे, बदली झालीय, कॅमेरा कुरियरने पाठवतो, अर्धे पैसे आधी टाका, आणि ओळखपत्राचा फोटोही लगेच पाठवत असेल, तर फोन ठेवा. आपलं काही विकताना कोणी पैसे पाठवतो म्हणून क्यूआर कोड पाठवला तर तो स्कॅन करायचा नाही, पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. वस्तू हातात घेऊन, बघून, मगच पैसे, आणि भेटायचं उजेडात, कॅफेत किंवा विकणाऱ्याच्या दुकानात.

बघायला जाताना स्वतःचं रिकामं कार्ड, एक छोटी एलईडी टॉर्च, पांढरा कागद आणि जमलं तर लॅपटॉप न्या. आणि अर्धा तास हाताशी ठेवा. जो माणूस अर्धा तास बघू देत नाही त्याच्याकडून घ्यायचं नाही, इतकं सरळ आहे.

लेन्सपासून सुरुवात करा. दोन्ही कॅप काढा, टॉर्च मागच्या बाजूने तिरकी धरा आणि पुढून आत बघा, मग उलटं करा. सरळ समोरून प्रकाश टाकला तर काही दिसत नाही, तिरका टाकला की आतलं सगळं उठून दिसतं. कॅननची ईएफ लेन्स काढून हातात घेतली की ॲपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारं पात्यांचं भोक, उघडंच असतं, निकॉनच्या बहुतेक जुन्या आणि नावात जी असलेल्या लेन्समध्ये मात्र ते मिटलेलं असतं, तिथे मागे एक बारीक खटका असतो तो बोटाने सरकवून धरायचा, पाती उघडतात, मग आत बघायचं. खटका सोडला की पाती झटकन मिटली पाहिजेत. सावकाश मिटली तर पात्यांवर तेल उतरलंय, असं समजा, पुढे फोटो ओव्हरएक्सपोज, म्हणजे गरजेपेक्षा जास्त उजळ व्हायला लागतील. कॅननला हेच बघायचं असेल तर एफ ८ लावून डेप्थ ऑफ फील्डचं बटण दाबून धरा आणि पुढून पाती बघा.

आत धुळीचे चार कण दिसले तर घाबरू नका, त्याने फोटोत काही फरक पडत नाही. शोधायची ती बुरशी. ती बारीक मुळांसारखी, कोळ्याच्या जाळ्यासारखी फांद्या फुटत गेलेली दिसते, बहुतेक वेळा काचेच्या कडेपासून सुरू होते. आपल्याकडच्या, खास करून मुंबई-कोकणातल्या लेन्सना हा रोग फार. सगळीकडे सारखं धुरकट दिसत असेल तर तो हेझ, उजेडाकडे तोंड करून फोटो काढला की सगळा फोटो दुधाळ होतो. बुरशी साफ करून मिळते हे खरं आहे, पण तिने काचेवरचं कोटिंग खाल्लेलं असेल तर तो डाग कायमचा, आणि झूम लेन्स उघडून परत जुळवली की फोकस जागेवर राहीलच असं नाही. निम्म्या भावात मिळतेय म्हणून बुरशीची लेन्स घेऊ नका, आणि घेतलेलीच असेल तर बाकीच्या लेन्ससोबत एका डब्यात ठेवू नका.

मग झूमची आणि फोकसची रिंग पूर्ण फिरवा, वाळू खरखरल्यासारखी वाटली तर ती वाळूच असते. स्टॅबिलायझर असेल तर शटरचं बटण अर्धं दाबून व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र स्थिर होतंय का बघा. भिंतीवर वर्तमानपत्र सपाट चिकटवून, ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवून, समोर सरळ उभं राहून फोटो काढा आणि चारी कोपरे मोठे करून बघा. चारही कोपरे थोडेसे मऊ असतील तर चालतं, पण तीन शार्प आणि एकच धूसर असेल तर लेन्स कधीतरी पडलेली आहे.

बॉडीला आता सेन्सर. ॲपर्चर एफ १६ ला न्या, फोकस मुद्दाम घालवा, पांढऱ्या कागदाचा किंवा मोकळ्या आकाशाचा फोटो काढा. काळे ठिपके दिसले तर ती धूळ, ब्लोअरने किंवा क्लीनिंगने जाते. मग लेन्सला कॅप लावून ३० सेकंदांचा फोटो काढा आणि मोठा करून बघा, दोन-चार रंगीत ठिपके बहुतेक सेन्सरवर निघतात, पण आडवी-उभी सरळ रेघ किंवा ठिपक्यांचा पुंजका दिसला तर बॉडी खाली ठेवा. ही खूण बऱ्याचदा लेझरची असते. गणपतीच्या मिरवणुकांत आणि लग्नाच्या डीजेसमोर जे लेझर लाइट मारतात ते थेट लेन्समध्ये गेले की सेन्सर जळतो आणि ते कुठल्याही क्लीनिंगने जात नाही, आख्खा सेन्सर बदलायला लागतो, आणि तो खर्च सेकंडहँड बॉडीच्या भावाला जाऊन भिडतो. इव्हेंट करणाऱ्या माणसाची बॉडी असेल तर ही टेस्ट चुकवायची नाही.

हॉटशूच्या (वर फ्लॅश बसतो ती खाच) आणि माउंटच्या (लेन्स बसते ती कडी) स्क्रूवर गंज असेल तर कॅमेऱ्याने समुद्र भरपूर पाहिलाय, अलिबाग-तारकर्लीच्या प्री-वेडिंगवाल्या बॉड्यांवर हा गंज दिसतो, खारी हवा आत सर्किटपर्यंत गेलेली असू शकते. स्क्रूची डोकी खरवडलेली असतील तर बॉडी उघडलेली आहे, कशासाठी ते विचारा. अंगठ्याजवळचं रबर फुगून सुटलेलं असणं हे निकॉनला नेहमीचं, ते बदलता येतं, पण त्यावरून भाव नक्की पाडा. कार्ड घालून पन्नासेक फोटो सलग काढा, प्रत्येक बटण, प्रत्येक डायल, फ्लॅश, एचडीएमआय, माइकचा जॅक, सगळं चालवून बघा.

शटर काउंटचं, म्हणजे शटर आजवर किती वेळा पडला त्या आकड्याचं, लोकांना फार वेड आहे, बघायचा जरूर, पण त्यावर सगळं ठरवू नका. डी५३०० आणि ८०डी चा शटर साधारण १ लाख फोटोंसाठी, डी७२००, डी७५०, ५डी मार्क थ्रीचा दीड लाखासाठी बनवलेला आहे, त्यापुढेही अनेक चालतात. निकॉनच्या फाइलमध्ये हा आकडा लिहिलेला असतो, कॅमेऱ्यातून आलेला मूळ फोटो एखाद्या एक्झिफ (फोटोच्या फाइलमधली लपलेली माहिती) दाखवणाऱ्या साइटवर किंवा सॉफ्टवेअरमध्ये टाकला की दिसतो. विकणारा व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवतो त्यात तो निघून जातो, म्हणून फाइल डॉक्युमेंट म्हणून किंवा ईमेलने मागा. कॅननच्या बहुतेक मॉडेलांच्या फोटोत आकडा नसतो, केबल लावून सॉफ्टवेअरने काढावा लागतो, लॅपटॉप न्यायचा तो त्यासाठी. फाइलच्या नावातल्या नंबरवर मुळीच जाऊ नका, तो ९९९९ नंतर परत पहिल्यापासून सुरू होतो. आणि व्हिडिओ घेताना शटर सारखा पडत नाही, त्यामुळे तासन्‌तास व्हिडिओसाठी राबलेली बॉडीसुद्धा कमी काउंट दाखवते.

कागदपत्रांत मूळ बिल, बॉक्स आणि बॉडी या तिन्हींवरचा सीरियल नंबर जुळला पाहिजे. बिल हरवलंय म्हणत असेल तर साध्या कागदावर विकणाऱ्याचं नाव, पत्ता, सीरियल नंबर, तारीख, रक्कम लिहून सही घ्या, आधारची प्रत घ्या, आणि पैसे रोख न देता यूपीआयने द्या म्हणजे नोंद राहते. चोरीचा माल असेल तर माणूस सही करायलाच तयार होत नाही, तिथेच कळतं.

ॲक्सेसरीजमध्ये माझा एक साधा नियम आहे, ज्यात डेटा किंवा केमिकल आहे ते नवीन, बाकी जुनं चालेल. कार्ड नवीनच घ्या, बिलासकट, आणि घरी आल्यावर एचटूटेस्टडब्ल्यू सारख्या सॉफ्टवेअरने पूर्ण भरून तपासा कारण बनावट कार्डं सर्रास विकली जातात. बॅटरी कॅमेऱ्यासोबत येते ती मेनूमध्ये बॅटरी इन्फोमध्ये बघा, निकॉनच्या वरच्या मॉडेलांत ० ते ४ असं वय दाखवते, ४ म्हणजे बदला, कॅननच्या एलपी-ई६ बॅटरीवाल्या बॉड्यांत तीन हिरव्या चौकटी म्हणजे तब्येत उत्तम. फुगलेली बॅटरी घेऊच नका. ट्रायपॉड जुना घेतलात तरी चालतो, फक्त वरची क्विक रिलीज प्लेट सोबत आहे का बघा, ती हरवलेली असली की त्याच मापाची शोधायला जीव जातो. फ्लॅशला फार खर्च नको, कॅनन-निकॉनवर गोडॉक्स टीटी६०० सारखा मॅन्युअल फ्लॅश शिकायला उत्तम, टीटी६८५ घेत असाल तर तो कॅननचा का निकॉनचा हे बघून घ्या, टीटीएल (फ्लॅशचा उजेड आपोआप ठरवणं) एकाचा दुसऱ्यावर चालत नाही. रीळवाल्या काळातला जुना फ्लॅश कोणी फुकट दिला तरी थेट हॉटशूवर लावू नका, काहींचं ट्रिगर व्होल्टेज इतकं जास्त असतं की डिजिटल बॉडीचं सर्किट जळू शकतं.

आता कोरडा डबा. लेन्स घरात यायच्या आधी तो घरात आला पाहिजे. पावसाळ्याचे चार महिने कॅमेऱ्याच्या बॅगेत, बॅग कपाटात, अशा ठेवलेल्या लेन्सना बुरशी लागते, कारण बॅगेचा फोम ओल धरून ठेवतो. ड्राय कॅबिनेट परवडत असेल तर उत्तम, नाहीतर रबराची पट्टी असलेला हवाबंद प्लास्टिकचा डबा, आत छोटं डिजिटल आर्द्रतामापक आणि सिलिका जेल, काम तेच होतं. आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये ठेवा, ६० च्या वर जाऊ देऊ नका, आणि फार खालीही नको, रबर आणि वंगण सुकतं. सिलिका केशरी रंगाची घ्या, ओल पिऊन तिचा रंग बदलला की जुन्या वेगळ्या कढईत मंद आचेवर गरम करून परत वापरता येते. निळ्या सिलिकेत कोबाल्ट क्लोराइड असतं, ती स्वयंपाकाच्या भांड्यात गरम करायची नाही. आणि दर आठवड्याला कॅमेरा बाहेर काढून दहा फोटो काढा, वापरातल्या लेन्सला बुरशी सहसा लागत नाही.

दुकानातून घेतलात तर थोड्या दिवसांची चेकिंग वॉरंटी मागून घ्या आणि बिलावर लिहून घ्या. ते दिवस कॅमेरा शोकेसमध्ये ठेवायचा नाही. पहिल्याच दिवशी मेनू रिसेट करा, फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर) बघा, कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. मग टेबलावर पट्टी तिरकी ठेवून मधल्या एका आकड्यावर फोकस करा, तोच आकडा सगळ्यात शार्प येतोय का पुढचा-मागचा ते बघा, थोडा फरक असेल तर ७०डी, ८०डी, डी७००० मालिकेत मेनूमधून लेन्सनुसार दुरुस्त करता येतो, ६०डी मध्ये ती सोय नाही. अर्धा-पाऊण तास सलग व्हिडिओ आणि फोटो घेऊन बॉडी तापवा, बॅटरी किती उतरते ते लिहून ठेवा. एरर आली, शटर मध्येच अडकला, कार्ड वाचायला कुरकुर केली, तर स्क्रीनचा फोटो काढा आणि बिल घेऊन त्याच दिवशी दुकानात जा.